घोरता घोरता श्वास थांबतो : स्लीप ॲप्निया, आणि खेड्यातून त्याचा इलाज कसा करायचा?

सोनकी

नमस्कार मंडळी. आर्वीजवळच्या खेड्यातून लिहिते आहे. माझे मिस्टर ४६ वर्षांचे. घरची कास्तकारी, पऱ्हाटी (कापूस) आणि तूर. हंगामात स्वतःच्या पिकअपवर भाड्याने मालही नेतात. घोरणं लग्नापासूनचं आहे, त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. पण गेल्या दोनेक वर्षांत त्याची तऱ्हा बदलली आहे.

उन्हाळ्यात आम्ही सगळे गच्चीवर झोपतो, तेव्हा नणंदेनेही ऐकलं. आवाज चढत चढत जातो आणि एकदम बंद. पोट आणि छाती हलताना दिसते, पण नाकाशी हात धरला तर हवा लागत नाही. मग खर्रकन मोठा श्वास, अंगाला झटका, कूस बदलणं आणि परत सुरू. रात्रभर हेच. सकाळी त्यांना यातलं काहीही आठवत नाही. विषय काढला की म्हणतात, "दिवसभर वावरात राबलेला माणूस घोरतेच. तुले झोप येत नाही त्याले मी काय करू?" सासूबाईंचंही तेच, घोरणारा माणूस निवांत झोपलेला असतो म्हणून.

सकाळी डोकं जड, तोंडाला कोरड. रात्री दोन-तीनदा लघवीला उठतात, शुगर तपासली तर नॉर्मल. बीपीच्या दोन गोळ्या चालू असून वरचा आकडा १५० च्या खाली येत नाही. जेवण झालं की बोलता बोलता मान खाली. मागच्या महिन्यात पुलगावकडून रिकामी गाडी घेऊन येताना डोळा लागला आणि पिकअप रस्त्याखाली उतरली. कोणाला लागलं नाही, पण त्या दिवसापासून ते गाडी घेऊन गेले की माझा जीव थाऱ्यावर नसतो.

तालुक्याच्या एका दवाखान्यात "झोप पुरी होत नाही" सांगितलं तर झोपेची गोळी लिहून दिली. ती अजून सुरू केलेली नाही.

हे स्लीप ॲप्निया म्हणतात तेच का? कोणाकडे जायचं? आणि मशीन लावावं लागलं तर आमच्याकडे लाईनचा काही भरवसा नाही, तिथे ते चालेल का?

पळसपान

सोनकीताई, मी ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे. दोन गोष्टी आधी. ती झोपेची गोळी सुरू करू नका. आणि तपासणी होऊन इलाज लागू पडेपर्यंत त्यांना गाडी चालवू देऊ नका, ट्रॅक्टरसुद्धा. उपचार न घेतलेल्या ॲप्नियात अपघाताची शक्यता दुपटीच्या वर जाते.

तुम्ही जे लिहिलंय ते ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचंच, म्हणजे घशात अडथळा येऊन झोपेत श्वास थांबण्याचं, वर्णन आहे. विहिरीवरच्या मोटारीला सक्शनच्या बाजूने मऊ पाइप लावला तर ओढ लागताच तो चपटा होतो, म्हणून तिथे कडक पाइप लागतो. आपल्या घशाला हाडाचा आधार नाही. तो उघडा राहतो तो स्नायूंच्या ताणावर. झोपेत हे स्नायू सैलावतात. घसा मुळात अरुंद असेल, मानेवर चरबी असेल, जबडा मागे असेल, टॉन्सिल मोठे असतील तर टाळू आणि जिभेचं मूळ थरथरायला लागतं, ते घोरणं. आणखी सैलावलं की श्वास आत ओढतानाच घसा मिटतो. छाती-पोट हलतं पण हवा लागत नाही, हे तुम्ही पाहिलंत ते हेच. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, घसा उघडतो. ही जाग इतकी क्षणाची असते की सकाळी आठवत नाही. पण ती तासाला तीस-चाळीस वेळा आली तर आठ तास अंथरुणात काढूनही झोप झालेली नसते.

प्रत्येक वेळी शरीर ॲड्रेनलिन सोडतं, म्हणून बीपी गोळ्यांना दाद देत नाही. बंद घशाविरुद्ध ओढ घेताना छातीतला दाब बदलतो, हृदयाच्या वरच्या कप्प्यावर ताण येतो आणि तिथून लघवी वाढवणारं हार्मोन सुटतं. रात्रीच्या उठण्याचं कारण बहुधा ते. पुढे हृदयाचे ठोके अनियमित होणं, पक्षाघात, मधुमेह हे सगळं याच्याशी जोडलेलं आहे.

आमच्याकडे आठ प्रश्न विचारतात : मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा, कोणी श्वास थांबताना पाहिलाय का, बीपी, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, आणि पुरुष असणं. पाच किंवा जास्त 'हो' म्हणजे धोका मोठा. टेप घेऊन मान मोजा. आणि मोबाईलवर व्हिडिओ काढा, दोन-तीन मिनिटांचा, ज्यात आवाज थांबणं आणि पोटाचं हलणं दोन्ही येईल. पेशंट स्वतः येऊन "मला काही होत नाही" म्हणतो तेव्हा निदान बाजूला झोपणाऱ्या माणसाच्या सांगण्यावर उभं असतं. त्यामुळे तपासणीला तुम्ही सोबत जाच.

एक गोष्ट वेगळी काढायला हवी. ओलितासाठी थ्री फेज लाईन बरेचदा रात्रीच मिळते, रानडुकरांसाठी जागल असते. अशा माणसाला दिवसा झोप येणारच, तो आजार नाही, ती झोपेची उधारी आहे. चार-पाच रात्री पूर्ण झोप मिळूनही तीच गुंगी राहिली तर ॲप्नियाचा विचार करायचा. दोन्ही एकत्र असतील तर हाल विचारू नका.

धुऱ्यावरून

डॉक्टरसाहेब, माफ करा, पण आमचे आजोबा नव्वदी गाठेपर्यंत घोरले. सगळ्याच घोरण्याला आजार म्हणायचं का? आमच्याकडे रात्री नाकात दोन थेंब कोमट तूप टाकतात, फरक पडतो. ऑनलाइन नाकाला लावायच्या क्लिपा, हनुवटीचे पट्टे मिळतात, तेही लोक घेतात. आणि शंख वाजवल्याने बरं होतं असंही व्हॉट्सॲपवर फिरतंय.

पळसपान

सगळं घोरणं आजार नाही, बरोबर आहे. एकसुरी आवाज, मधे खंड नाही, सकाळी माणूस ताजा, बीपी ठीक, तर ते साधं घोरणं. फरक मधल्या शांततेत आहे. त्या शांततेत घरच्यांना बरं वाटतं, "चला, थांबला एकदाचा", आणि नेमकं तेव्हाच ऑक्सिजन उतरत असतो.

तुपाने नाकाचा कोरडेपणा कमी होत असेल, पण अडथळा नाकात नसून घशात, टाळू आणि जिभेच्या मागे आहे, तिथे तो थेंब काही करत नाही. क्लिपांचंही तसंच. हनुवटीचा पट्टा नुसता लावून तोंड बंद केल्याने ॲप्निया थांबत नाही. नाक चोंदलेलं असेल तर उलट गुदमरायला होतं.

शंखाची गोष्ट अगदी हवेतली नाही. २०२५ मध्ये जयपूरहून ३० रुग्णांचा एक अभ्यास आला. सहा महिने नियमित शंख वाजवणाऱ्यांची दिवसाचा झोपाळूपणा कमी झाला आणि तासाला श्वास थांबण्याचे प्रसंग चार-पाचने घटले. घशाच्या स्नायूंना व्यायाम मिळतो. पण अभ्यास छोटा आहे, आणि तासाला चाळीस वेळा श्वास थांबणाऱ्याला पाचने काय होणार? वाजवायचा तर वाजवा, तपासणी टाळू नका.

बोरधरण

चांगला धागा. ज्यांना हे शहरातल्या लठ्ठ लोकांचं दुखणं वाटतं त्यांच्यासाठी : दिल्लीच्या एम्सच्या संशोधकांनी २०२३ मध्ये देशभरातले अभ्यास एकत्र करून अंदाज मांडला की कामकरी वयातल्या सुमारे १० कोटी ४० लाख भारतीयांना हा आजार आहे. प्रौढांमध्ये ११ टक्के. पुरुषांत १३, स्त्रियांत ५. फेब्रुवारी २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले तेव्हाही डॉक्टरांनी हेच नाव घेतलं होतं. बातमी सगळ्यांनी वाचली, पण घरात घोरणाऱ्या माणसाकडे त्या नजरेने कोणी पाहिलं नाही.

रानवारा

वरुडकडचा आहे, संत्र्याची बाग. मी मशीन वापरणारा, त्यामुळे सोनकीताईंच्या लाईनच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो.

आधी तपासणी, तिला स्लीप स्टडी म्हणतात. नागपुरात एक रात्र झोपवलं. डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, पायाला वायरी, नाकाखाली बारीक नळी, छातीला आणि पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजनचं क्लिप. एवढं सगळं लावून झोप कशी येणार वाटतं, पण आमच्यासारख्यांना येते. घरी द्यायचं छोटं यंत्रही असतं, त्याला वायरी कमी. रिपोर्टमध्ये पाहायचा आकडा म्हणजे एएचआय, तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा मंदावला. पाचच्या खाली ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्याच्या वर तीव्र. माझा तीव्रमध्ये होता.

मी वापरतो त्या मशीनचं नाव सीपॅप. ते ऑक्सिजनचं मशीन नाही, हे गावात मला फार वेळा सांगावं लागतं. ते साधी हवाच जरा दाबाने नाकातून सोडतं आणि घसा आतून उघडा धरून ठेवतं. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये हे पहिल्यांदा करून दाखवलं, तेव्हापासून आजवर मुख्य इलाज हाच.

लाईन : मशीन इन्व्हर्टरवर आरामात चालतं. वीज खाणारा भाग म्हणजे पाणी गरम करणारा ह्युमिडिफायर. तो बंद ठेवला तर मशीनला पंख्याएवढी, बरेचदा त्याहून कमी वीज लागते. आमच्याकडे पावसाळ्यात हवेतच ओल असते, तेव्हा मी तो लावतच नाही. मे महिन्यात लागतो, नाक पार सुकतं. इन्व्हर्टरची बॅटरी रात्रभर टिकेल एवढी घ्या आणि कूलर त्यावर टाकू नका.

माझ्या बायकोची भीती अशी की रात्री लाईन गेली आणि मास्क तोंडावर राहिला तर? नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कला एक झडप असते, दाब गेला की ती उघडते आणि बाहेरची हवा मिळते. फक्त नाकाचा मास्क असेल तर तोंड मोकळंच असतं. गुदमरत नाही, जाग येते.

मास्क निवडताना घाई करू नका. माझ्या मिशीमुळे एक मास्क गळायचा, डोळ्यात हवा जायची. लहान उशीसारखे नाकपुडीत बसणारे मिळाले तेव्हा जमलं. दुपारी टीव्ही पाहताना तासभर नुसता लावून बसायची सवय करा, म्हणजे रात्री त्याची धास्ती वाटत नाही. सुरुवातीला दाब हळूहळू चढवायची सोय मशीनमध्ये असते, ती चालू करून घ्या. पोटात हवा भरल्यासारखं वाटलं तर सेटिंग करणाऱ्याला सांगा, स्वतः आकडे बदलू नका. मास्क रोज साध्या साबणाने धुवून सावलीत वाळवा. मागचा फिल्टर मात्र आपल्याकडे पुस्तकात सांगतात त्यापेक्षा लवकर काळा होतो. सोयाबीन काढणीच्या दिवसांत आणि घरात कापूस भरलेला असताना आठवड्याला बघा. ह्युमिडिफायरमध्ये पाणी डिस्टिल्डच, बोअरच्या पाण्याने टाकीत पांढरे थर बसतात.

खर्च झोंबतो. मशीन चाळीस हजारांच्या घरात गेलं, मास्क दरवर्षी वेगळा. पण बरेच विक्रेते महिन्याच्या भाड्याने देतात. आधी भाड्याने घ्या, जमतंय दिसलं की मग विकत.

आणि फरक? सकाळचं डोकं दुखणं पहिल्या आठवड्यातच गेलं. बायको आता त्याच खोलीत झोपते.

मृगनक्षत्र

मी ५३ वर्षांची, अंगाने किडकिडीत. पाळी गेल्यापासून झोप तुटते, सकाळी मरगळ, चिडचिड. सगळे म्हणतात वयाचं आहे. घोरते असं मुलगी सांगते, पण हळू. बायकांना, त्यातही बारीक बायकांना, हे होतं का?

पळसपान

होतं. पाळी थांबल्यावर बायकांमधलं प्रमाण वाढतं, कारण घशाच्या स्नायूंना हार्मोनचं जे पाठबळ होतं ते जातं. आणि बायका "श्वास थांबतो" अशी तक्रार घेऊन येत नाहीत. झोप लागत नाही, थकवा, उदास वाटतं असं सांगतात, आणि झोपेच्या किंवा मनाच्या गोळ्यांवर वर्षं काढतात. शिवाय नवऱ्याचं घोरणं बायको ऐकते, बायकोचं घोरणं ऐकायला नवरा जागा नसतो. मुलीचं म्हणणं मनावर घ्या. जबड्याची ठेवण लहान किंवा मागे असेल तर वजन नसतानाही ॲप्निया होतो. हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्या, मंद थायरॉईडनेही असंच होतं.

काटेसावर

माझा मुलगा सात वर्षांचा, त्याला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, एसएस पॅटर्न (नुसता वाहक नाही, आजारच). तोंड उघडं ठेवून झोपतो, घोरतो, मान मागे टाकून विचित्र झोपतो. अंथरूण ओलं करणं मधे थांबलं होतं, परत सुरू झालं. शाळेत बाई म्हणतात लक्ष नसते. घरी वाटलं वय आहे.

पळसपान

ताई, याला उशीर करू नका. लहान मुलांत टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडेनॉइडच्या गाठी हे मुख्य कारण, आणि सिकलसेलच्या मुलांत या गाठी वाढलेल्या जास्त आढळतात. रात्री ऑक्सिजन उतरला की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, म्हणजे दुखण्याचा झटका ओढवायला निमित्त मिळतं. कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि त्याचा सिकलसेलचा इलाज करणारे बालरोगतज्ज्ञ, दोघांनाही दाखवा. गाठी काढल्यावर बहुतेक मुलांत मोठा फरक पडतो, पण सिकलसेलमध्ये भूल देण्याआधी खास तयारी लागते, काही वेळा रक्त द्यावं लागतं. म्हणून हे ऑपरेशन मोठ्या रुग्णालयातच. मूल अतिचंचल होणं, अभ्यासात मागे पडणं हीसुद्धा लहानांमधली लक्षणं आहेत. मोठ्यांसारखी लहान मुलं सहसा पेंगत नाहीत.

धुऱ्यावरून

मशीनशिवाय मार्ग नाहीच का? वजन कमी केलं, दारू सोडली तर?

पळसपान

सौम्य असेल तर खूप काही करता येतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये काही वर्षं लोकांचा माग ठेवून केलेल्या अभ्यासात, जो २००० मध्ये छापून आला, दहा टक्के वजन घटलं तर एएचआय सुमारे २६ टक्के उतरतो आणि दहा टक्के वाढलं तर ३२ टक्के चढतो असं दिसलं. दारूने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात, संध्याकाळी थोडी घेतली तरी त्रास वाढू शकतो. तीव्र आजारात हे सगळं मशीनच्या जोडीला, मशीनऐवजी नाही.

कुशीवर झोपणं फार लोकांना लागू पडतं. पण सैल पडलेल्या बाजेत मधोमध खड्डा होतो आणि माणूस उताणाच राहतो. बाज कसून घ्या, नाहीतर सपाट पलंगावर झोपवा. बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात लहान चेंडू ठेवला तर उताणं होताच टोचतो आणि माणूस आपोआप वळतो. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून उंची दिली तर काहींना बरं पडतं. दोन-तीन उश्यांनी नुसती मान मोडते.

दातांचे डॉक्टर खालचा जबडा पुढे धरणारं उपकरण बनवून देतात, सौम्य ते मध्यम आजारात ते चांगलं. आपल्याकडची अडचण खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. खर्ऱ्याने ज्यांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही त्यांचं मापच घेता येत नाही, आणि पुढे कधी ऑपरेशन लागलं तर भुलीची नळी घालतानाही जीव टांगणीला लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीए या संस्थेने लठ्ठपणासह मध्यम-तीव्र ॲप्नियासाठी टिर्झेपॅटाइड या इंजेक्शनला मान्यता दिली. महाग आहे, वजन उतरवूनच काम करतं, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचं नाही.

आणखी एक. ॲप्निया असलेल्या कोणाचंही हर्नियाचं, गर्भपिशवीचं, कसलंही ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा. भूल आणि वेदनाशामकांनंतरची पहिली रात्र अशा पेशंटला जड जाते.

सोनकी

सगळ्यांचे मनापासून आभार. शिवणाच्या टेपने मान मोजली, ४२ सेंटिमीटर. म्हणजे आठपैकी सहा 'हो'. व्हिडिओ नणंदेने काढला. तो त्यांना दाखवला. दोनदा पाहिला, मग म्हणाले, "हे मी आहो? श्वासच नाही घेऊन राहिलो मी." त्यानंतर वाद झाला नाही. पिकअप दिराकडे दिली आहे.

घरातलं कोविडमधलं ऑक्सिमीटर लावलं तर ९८ दाखवतं, त्यावरून सासूबाई म्हणतात सगळं ठीक आहे. पुढच्या आठवड्यात सेवाग्रामला श्वसनरोगाच्या ओपीडीत नेतो आहोत, तिथून नागपूरला जा म्हटलं तर तसं. काय काय घेऊन जाऊ?

पळसपान

जागेपणी ९८ च येणार, त्याचा या आजाराशी संबंध नाही. घसा मिटतो तो झोपेत.

बीपीच्या गोळ्यांच्या पट्ट्या, जुने रिपोर्ट, व्हिडिओ आणि ती न घेतलेल्या झोपेच्या गोळीची चिठ्ठी बरोबर ठेवा. स्लीप स्टडीची तारीख मिळाली तर त्या दिवशी डोक्याला तेल लावायचं नाही, वायरी चिकटत नाहीत. केस धुवून जा. दाढी करून गेले तर बरं. दुपारची झोप नको, दुपारनंतर चहा नको. रोजच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत, रात्री जेवूनच जायचं. रोज ज्या उशीवर झोपतात ती सोबत न्या, आणि रात्री तिथे थांबता येतं का ते आधी फोन करून विचारा.